नव्वद वर्षांनीं परत आलेलें विजेतेपद

इ. स. २०२५ च्या मे महिन्याच्या २५ तारखेस, रविवारीं, ब्रुसेल्स शहराच्या दक्षिण भागांतील एका जुन्या व लहानशा क्रीडांगणावर गेंटच्या संघाचा ३ विरुद्ध १ अशा गोलांनीं पराभव झाला आणि युनियन सँ-झिल्वाज हा संघ बेल्जियमचा फुटबॉलमधील विजेता ठरला. बातमी एवढीच. दरवर्षीं कोणता ना कोणता संघ जिंकतोच. परदेशांतील एका खेळाच्या निकालाचें येथें काय सोयरसुतक, असें एखाद्या श्रोत्यास वाटलें तर त्यास दोष देतां येणार नाहीं. परंतु याच संघानें याआधींचें विजेतेपद मिळविलें होतें तें इ. स. १९३५ मध्यें. मध्यंतरीं नव्वद वर्षें लोटलीं. तेवढ्या अवधींत बेल्जियमवरून एक महायुद्ध गेलें, काँगोची वसाहत १९६० मध्यें स्वतंत्र झाली, डच व फ्रेंच भाषिकांच्या वादांतून १९९३ मध्यें देशाच्या घटनेस संघराज्याचें रूप आलें, आणि फ्रँक जाऊन युरो हें नाणें आलें. राज्यकारभार बदलला, नाणें बदललें, पिढ्या बदलल्या. परंतु पिवळा आणि निळा हे रंग धारण करणारा हा संघ त्याच नांवानें आणि त्याच मैदानावर खेळत राहिला. एखादी संस्था इतका दीर्घकाळ कशी टिकते, हा प्रश्न केवळ खेळाचा राहत नाहीं; तो इतिहासाचा होतो.

बेल्जियममध्यें फुटबॉलचा खेळ आणला तो इंग्रजांनीं. अँटवर्प हें मोठें बंदर. तेथें इंग्रज व्यापारी व त्यांचे कारकून राहत असत. इ. स. १८८० मध्यें स्थापन झालेली अँटवर्पची संस्था त्यांच्याच वस्तींतून निघाली. पुढें १ सप्टेंबर १८९५ रोजीं निरनिराळ्या क्रीडासंस्थांनीं एकत्र येऊन एक मध्यवर्ती संघटना स्थापिली आणि लागलीच त्या हंगामांत पहिली लीग स्पर्धा भरविली. त्या स्पर्धेंत अवघे सात संघ होते: अँटवर्पचा एक, ब्रूजचा एक, लिएजचा एक आणि बाकीचे चार ब्रुसेल्सचे. पहिलें विजेतेपद मिळविलें तें लिएजच्या संघानें. त्यानंतर मात्र राजधानीचें दिवस आले. ब्रुसेल्सच्या रेसिंग क्लब या संघानें १८९७ मध्यें आणि पुढें १९०० ते १९०३ अशीं लागोपाठ चार वर्षें विजेतेपद मिळविलें.

ब्रुसेल्स हें एक शहर म्हणून ओळखलें जात असलें तरी वस्तुतः तो एकोणीस नगरपालिकांचा समूह आहे. त्यांपैकीं सँ-झिल ही एक. तिचा विस्तार अवघा अडीच चौरस किलोमीटर आणि वस्ती सुमारें पन्नास हजार. अशा या दाट वस्तीच्या भागांत १ नोव्हेंबर १८९७ रोजीं कांहीं तरुणांनीं युनियन हा संघ काढला. सात वर्षांच्या आंत, म्हणजे १९०४ मध्यें, तो देशांत पहिला आला. तेवढ्यावर तो थांबला नाहीं. १९०४, १९०५, १९०६ व १९०७ अशीं चार वर्षें, नंतर १९०९ व १९१० हीं दोन वर्षें, आणि पुढें १९१३, असे दहा हंगामांत सात वेळां त्यानें विजेतेपद घेतलें. १९१३ व १९१४ सालचा राष्ट्रीय चषकही त्याच्याकडे गेला. ज्या १९०४ सालीं युनियनचा उदय झाला त्याच सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस बेल्जियम व फ्रान्स या देशांचा पहिला सामना ब्रुसेल्सजवळ होऊन तो ३-३ असा बरोबरींत सुटला, आणि त्याच महिन्यांत फुटबॉलच्या जागतिक संघटनेची पॅरिस येथें स्थापना झाली. बेल्जियम तिच्या संस्थापकांपैकीं एक होता. म्हणजे या खेळाचा बाल्यकाल आणि युनियनचा भरभराटीचा काल हे एकच होत.

पहिल्या महायुद्धांत जर्मन सैन्यानें बहुतेक सारा देश व्यापला आणि लीग सामने बंद पडले. युद्ध संपतांच युनियननें नवी जागा मिळविली. सँ-झिलला लागूनच फॉरे नांवाची नगरपालिका आहे. तेथील डुडेन उद्यानाच्या झाडींत, टेकडीच्या उतारास धरून, १९१९ मध्यें संघाचें क्रीडांगण उघडण्यांत आलें. पुढें संघाचे अध्यक्ष जोसेफ मारियाँ यांचें नांव त्यास मिळालें. १९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकमधील कांहीं फुटबॉल सामने याच मैदानावर झाले. त्या स्पर्धेंत बेल्जियमनें सुवर्णपदक मिळविलें. अंतिम सामन्यांत चेकोस्लोव्हाकियाचा संघ पंचाच्या निर्णयांवर रुष्ट होऊन पूर्वार्धांतच मैदान सोडून गेला. त्या वेळीं बेल्जियमची २-० अशी आघाडी होती, आणि त्यांतील पहिला गोल करणारा रॉबर्ट कोपे हा युनियनचाच खेळाडू होता. १९२६ मध्यें मैदानाच्या दर्शनी भागास त्या काळच्या आवडत्या शिल्पपद्धतीची भिंत उभारण्यांत आली. खेळाडूंच्या उठावदार आकृती तिच्यावर कोरलेल्या असून ती भिंत अद्याप उभी आहे.

त्याच १९२६ सालीं आणखी एक गोष्ट घडली. ती वरकरणीं कारकुनी स्वरूपाची, परंतु परिणामीं फार महत्त्वाची होती. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेनें आपल्या सर्व सभासद-संघांना संघटनेंत प्रवेश केल्याच्या क्रमानें एकेक अंक दिला. अँटवर्पला १, ब्रुसेल्सच्या डेअरिंग या संघास २, ब्रूजच्या क्लबास ३, लिएजला ४, रेसिंगला ६ आणि युनियनला १०. हा अंक म्हणजे संघाचें जणू कूळनामच. दोन संघांनीं विलीन व्हावयाचें ठरविल्यास एकाच संघाचा अंक शिल्लक राही, दुसरा कायमचा पुसला जाई. नांव बदलेल, पैसा येईल-जाईल, खेळाडू तर दर वर्षीं नवे. परंतु अंक राहिला तर संघ राहिला, असा हा हिशेब. युनियनच्या पुढील कथेंत या दहाच्या अंकाला विशेष अर्थ आहे.

१९२३ मध्यें युनियननें आठवें विजेतेपद मिळविलें. त्यानंतर दहा वर्षें गेलीं, आणि मग आला तो काळ, ज्याच्या आठवणीवर हा संघ पुढें तीन पिढ्या जगला. ८ जानेवारी १९३३ पासून १९३५ च्या फेब्रुवारीपर्यंत युनियननें लीगचे साठ सामने खेळले आणि त्यांपैकीं एकही हरला नाहीं. त्या वेळीं वरिष्ठ श्रेणींत चौदा संघ असत आणि प्रत्येकास सव्वीस सामने खेळावे लागत. विजयाचे दोन गुण, बरोबरीचा एक. १९३३-३४ चा संपूर्ण हंगाम या साखळींत मोडतो. म्हणजे सव्वीसच्या सव्वीस सामन्यांत एकदांही पराभव नाहीं. हा हंगाम देशाच्या दृष्टीनें शोकाचा ठरला. युद्धकाळीं सैन्याबरोबर राहिलेला लोकप्रिय राजा आल्बेर हा १७ फेब्रुवारी १९३४ रोजीं कडा चढतांना पडून मरण पावला. जागतिक मंदीमुळें खाणी व कारखाने यांतून बेकारी माजली होती. अशा दिवसांत रविवारीं दुपारीं डुडेन उद्यानाकडे जाणाऱ्या कामगारांस व दुकानदारांस आपला संघ हरत नाहीं, ही एक तरी गोष्ट ठाम वाटली असेल तर नवल नाहीं.

त्या संघाचा कर्णधार होता ज्यूल पापेर. ज्या संघाची हंगामांतील अपराजित सामन्यांची साखळी सर्वांत लांब ठरेल त्यास त्याच्या नांवाचा चषक देण्याची प्रथा बेल्जियममध्यें पुढें पडली, यावरून त्या पराक्रमाचें मोल समजून येईल. १९३३, १९३४ व १९३५ हीं तिन्ही विजेतेपदें युनियनकडे गेलीं आणि एकूण संख्या अकरा झाली. अपराजित साखळी तुटली ती मात्र परक्या गांवच्या संघाकडून नव्हे. ती तोडली शेजारच्या मोलेनबेक भागांतील डेअरिंगनें. आपल्याच शहरांतील भावकीनें हात दिला, असें म्हणावयाचें! पुढें १९३६ व १९३७ चीं विजेतेपदेंही डेअरिंगनेंच पटकाविलीं.

युनियन आणि डेअरिंग यांच्यांतील हें वैर ब्रुसेल्सच्या लोकजीवनांत किती खोल उतरलें होतें, याचा पुरावा रंगभूमीवर सांपडतो. १९३८ मध्यें "बॉसमान्स व कोपेनॉल" या नांवाचें एक प्रहसन ब्रुसेल्समध्यें रंगभूमीवर आलें. शेक्सपिअरच्या रोमिओ-ज्यूलिएटच्या कथेचें तें विडंबन होय. तेथें दोन सरदार घराण्यांचें हाडवैर. येथें एका घराची निष्ठा युनियनवर, दुसऱ्याची डेअरिंगवर, आणि मुलांचें प्रेम या दोहोंच्या कात्रींत सांपडलेलें. ब्रुसेल्सची खास बोली आणि तिचा खट्याळ विनोद यांमुळें तें नाटक अतोनात लोकप्रिय झालें आणि पुढें अनेक वर्षें त्याचे प्रयोग होत राहिले. ज्या खेळाच्या वादांवर लोक पोट धरून हसूं शकतात, तो खेळ त्यांच्या घरांत राहावयास आलेला असतो.

परंतु इतिहासाची एक खोड अशी कीं, उत्कर्षाच्या क्षणींच तो पुढच्या अपकर्षाचें बीज पेरून ठेवतो. १९३५ मध्यें युनियन अकराव्यांदा विजेता ठरला. त्याच वर्षीं ब्रुसेल्समधील अँडरलेख्ट हा एक संघ खालच्या श्रेणींतून वर चढला. त्याजकडे त्या वेळीं फारसें कोणाचें लक्ष गेलें नसावें. दुसरें महायुद्ध संपल्यावर १९४७ मध्यें त्यानें पहिलें विजेतेपद मिळविलें आणि त्यानंतर २०१७ पर्यंत त्याच्या विजेतेपदांची संख्या चौतीस झाली. एकट्या राजधानीचें सारें लक्ष, सारे प्रेक्षक आणि सारे होतकरू खेळाडू हळूहळू त्या एका संघाकडे ओढले गेले. १९४९ मध्यें युनियन प्रथमच वरिष्ठ श्रेणींतून खालीं आला. तो परत वर गेला, पुन्हां खालीं आला. दिवा विझण्यापूर्वीं मोठा होतो, तसा १९५८ ते १९६० या काळांत चाललेल्या युरोपांतील शहरांच्या चषक-स्पर्धेंत त्यानें रोमच्या संघास हरवून उपांत्य फेरी गांठली. तेथें इंग्लंडच्या बर्मिंगहॅमकडून त्याचा पराभव झाला. त्यानंतर त्याचें वैभव ओसरतच गेलें.

१९७३ हें वर्ष ब्रुसेल्सच्या फुटबॉलच्या इतिहासांत दुःखद म्हटलें पाहिजे. जुन्या रेसिंग क्लबानें १९६३ मध्येंच दुसऱ्या एका संघांत स्वतःला मिळवून टाकलें होतें. दहा वर्षांनीं, म्हणजे १९७३ मध्यें, त्या संयुक्त संघाशीं डेअरिंगही एकरूप झाला. नवा संघ बलवान होता. १९७५ मध्यें तो विजेताही झाला. परंतु या दोन विलीनीकरणांत ६ हा अंक गेला आणि २ हाही गेला. ज्या डेअरिंगच्या नांवानें घराघरांत भांडणें होत, तो स्वतंत्र संघ म्हणून उरला नाहीं. आणि तो संयुक्त संघ तरी किती दिवस टिकला? २००२ मध्यें तो दिवाळखोरींत निघाला.

त्याच १९७३ मध्यें युनियन वरिष्ठ श्रेणींतून घसरला. तो विलीन झाला नाहीं, त्यानें १० हा अंक सोडला नाहीं, परंतु त्या निष्ठेची किंमत त्यास मोजावी लागली. दुसऱ्या श्रेणींतून तो तिसऱ्या श्रेणींत गेला आणि कांहीं काळ तर चौथ्या श्रेणींत, म्हणजे खेड्यापाड्यांच्या संघांबरोबर, खेळत राहिला. अकरा विजेतेपदें मिळविलेल्या संघाचे सामने पाहावयास जुन्या भिंतीआड थोडेच लोक उरले. नांव मोठें आणि लक्षण खोटें, असें हिणविणारेही असतील. तरी पण आजोबांनीं सांगितलेल्या साठ सामन्यांच्या गोष्टी नातवंडांस ठाऊक होत्या. मैदान तेंच होतें, रंग तेच होते. अठ्ठेचाळीस वर्षें हा वनवास चालला. त्यांतील एक अवघड प्रसंग असा कीं, मैदानाच्या दुरुस्तीसाठीं २०१६ पासून दोन वर्षें संघाला शहराच्या दुसऱ्या टोकास, हेझेल येथील राष्ट्रीय क्रीडांगणांत, खेळावें लागलें. पन्नास हजारांच्या त्या प्रचंड आवारांत मूठभर प्रेक्षक कसे दिसत असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

या कालखंडांत सर्व युरोपांतच फुटबॉलचें अर्थशास्त्र पालटून गेलें, आणि त्याचें एक कारण बेल्जियममध्येंच घडलें. देशाचा पहिला विजेता असलेल्या लिएजच्या संघांत झाँ-मार्क बोस्मान नांवाचा एक खेळाडू होता. १९९० मध्यें त्याचा करार संपला व त्यास फ्रान्समधील एका संघाकडे जावयाचें होतें. परंतु त्या काळच्या नियमाप्रमाणें मुदत संपल्यावरही जुना संघ मोबदला मागूं शके. प्रकरण युरोपीय न्यायालयापुढें गेलें, आणि १५ डिसेंबर १९९५ रोजीं निकाल लागला कीं, करार संपल्यावर खेळाडू मोकळा आहे आणि युरोपीय संघांतील देशांच्या खेळाडूंवर राष्ट्रीयत्वामुळें संख्येची मर्यादा घालतां येणार नाहीं. खेळाडूस न्याय मिळाला. परंतु लहान देशांतील संघांचे उत्तम खेळाडू श्रीमंत देशांकडे जाण्याचा मार्गही त्यामुळें प्रशस्त झाला. यापुढें लहान संघास जगावयाचें तर इतरांस न दिसणारे गुण हेरावे, ते वाढवावे आणि विकावे, हाच एक उपाय उरला.

युनियनचें दैव फिरलें तें याच मार्गानें. २०१८ मध्यें इंग्लंडमधील ब्रायटन संघाचे मालक टोनी ब्लूम यांनीं संघाची मालकी घेतली आणि त्यांचे सहकारी अॅलेक्स मुझिओ हे अध्यक्ष झाले. ब्लूम यांनीं आपली संपत्ति खेळांच्या आंकडेशास्त्रीय अभ्यासावर व त्यावर आधारलेल्या पैजांवर मिळविली होती. तीच विद्या त्यांनीं येथें लावली. नामांकित खेळाडूंवर द्रव्य न उधळतां, दूरच्या व दुय्यम लीगमध्यें खेळणाऱ्यांच्या कामगिरीचे आंकडे तपासून माणसें निवडावयाचीं, अशी ही पद्धति. जर्मनीच्या तिसऱ्या श्रेणींत खेळणारा डेनिस उंदाव २०२० मध्यें याच रीतीनें आला. २०२१ मध्यें संघ दुसऱ्या श्रेणींत पहिला आला आणि अठ्ठेचाळीस वर्षांनीं वरिष्ठ श्रेणींत परतला.

येथून पुढें चार वर्षांची जी कथा आहे ती धैर्याची परीक्षा पाहणारी आहे. तिच्यासाठीं बेल्जियमचा एक विलक्षण नियम समजून घेतला पाहिजे. २००९-१० च्या हंगामापासून तेथें नियमित सामने संपल्यावर वरच्या संघांची एक अंतिम फेरी होऊं लागली आणि त्या फेरीच्या आरंभीं प्रत्येक संघाचे आधींचे गुण निम्मे करण्यांत येऊं लागले. म्हणजे आठ महिने कष्टानें मिळविलेली आघाडी एका रात्रींत अर्धी होई. २०२१-२२ मध्यें नुकताच वर आलेला युनियन ७७ गुण मिळवून नियमित सामन्यांत सर्वांच्या पुढें राहिला. उंदावनें पंचवीस गोल केले. परंतु अंतिम फेरींत ब्रूजच्या क्लबानें त्यास मागें टाकलें. पुढच्या हंगामांत तर हातातोंडाशीं आलेला घास गेला. ४ जून २०२३ या शेवटच्या दिवशीं युनियन आपल्या मैदानावर ब्रूजविरुद्ध १-० असा पुढें होता आणि सामना संपावयास दोन-चार मिनिटेंच उरलीं होतीं. तेवढ्यांत ब्रूजनें तीन गोल केले. तिकडे गेंक येथें अँटवर्पच्या टोबी आल्डरवेरेल्डनें चौऱ्याण्णवाव्या मिनिटास गोल करून बरोबरी साधली, आणि १९५७ नंतर प्रथमच अँटवर्प विजेता झाला. युनियन तिसरा.

२०२३-२४ मध्यें पुन्हां तेंच. नियमित सामन्यांअखेर युनियनचे ७० गुण, आणि १९ गुणांनीं मागें असलेला ब्रूजचा संघ चौथा. तरीही निम्म्या गुणांच्या गणितानें व युनियनच्या ऐन वेळच्या पराभवांनीं विजेतेपद ब्रूजला गेलें. त्या वर्षीं एवढेंच समाधान कीं, ९ मे २०२४ रोजीं अँटवर्पला १-० असें हरवून युनियननें राष्ट्रीय चषक जिंकला. याआधींचा चषक त्यानें १९१४ मध्यें, पहिलें महायुद्ध सुरू होण्यापूर्वीं, जिंकला होता. दरम्यान दर वर्षीं उत्तम खेळाडू विकले जात होते आणि दर वर्षीं शिक्षकही दुसरीकडे जात होता. मात्सू गेले, खेरार्ट्स गेले, ब्लेसिन गेले. २०२४-२५ च्या हंगामास सेबास्तियन पोकोन्योली हे चार वर्षांतील चौथे शिक्षक म्हणून उभे राहिले.

हा हंगाम आरंभीं मुळींच आशादायक नव्हता. सोळा संघांच्या तीस सामन्यांअखेर गेंक ६८ गुणांनीं पहिला, ब्रूज ५९ गुणांनीं दुसरा आणि युनियन ५५ गुणांनीं तिसरा होता. गुण निम्मे होतांच ते अनुक्रमें ३४, ३० व २८ झाले. ज्या नियमानें तीन वर्षें युनियनचें नुकसान केलें तोच नियम आतां त्याच्या उपयोगी पडला. तेरा गुणांचें अंतर सहावर आलें. परंतु नियम संधि देतो, विजय देत नाहीं. अंतिम फेरीच्या दहा सामन्यांत युनियन एकदांही हरला नाहीं. नऊ विजय, एक बरोबरी. तीस गुणांपैकीं अठ्ठावीस. १९३३ च्या त्या न हरणाऱ्या संघाची आठवण ज्यास आली नसेल असा ब्रुसेल्सकर विरळा. या संघांत एस्टोनियाच्या लीगमधून आणलेला कॅनडाचा प्रॉमिस डेव्हिड होता, आणि दुसऱ्या श्रेणींतील दिवसांपासून संघांत असलेले लक्झेंबर्गचे गोलरक्षक अँथनी मोरिस व इंग्लंडचे ख्रिश्चन बर्जेस हेही होते. २०२३ च्या त्या शेवटच्या मिनिटांचें दुःख ज्यांनीं मैदानावर सोसलें, त्यांनींच २०२५ चें यश हातीं घेतलें.

आतां एक प्रश्न उरतो, आणि तो टाळतां येण्यासारखा नाहीं. १९३५ चा युनियन आणि २०२५ चा युनियन हे खरोखर एकच काय? पहिला ब्रुसेल्सच्या परिसरांतील तरुणांचा. दुसरा नाना देशांतून वेंचून आणलेल्या पगारी खेळाडूंचा. पहिल्याचा आधार गल्लींतील वर्गणी व तिकिटें; दुसऱ्याचा आधार इंग्लंडमधील भांडवल व गणिताचीं कोष्टकें. २०२३ मध्यें तर ब्रायटन व युनियन हे दोन्ही संघ एकाच युरोपीय स्पर्धेस पात्र ठरल्यामुळें, एका मालकाचे दोन संघ नसावेत या नियमास अनुसरून, ब्लूम यांस आपला हिस्सा कमी करावा लागला. जुन्या वळणाच्या माणसास हें सारें परकें वाटेल, आणि त्याच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं.

परंतु दुसरीही बाजू पाहिली पाहिजे. भांडवल १९७३ मध्येंही शोधलें गेलें होतें. शेजारच्या संघांनीं बळ मिळविण्यासाठीं आपलीं नांवें एकत्र वितळवून टाकलीं, आणि थोड्याच वर्षांत बळही गेलें व नांवही गेलें. युनियननें दारिद्र्य पत्करलें, चौथी श्रेणी पत्करली, परंतु नांव मोडलें नाहीं. म्हणून २०१८ मध्यें ज्यांस संघ विकत घ्यावयाचा होता त्यांस विकत घेण्यासारखें कांहीं तरी शिल्लक सांपडलें. त्या मधल्या पंचेचाळीस वर्षांत रविवारीं पावसांत उभे राहून तिसऱ्या श्रेणीचे सामने पाहणारे जे अनामिक लोक होते, त्यांच्या पदरीं एकही विजेतेपद पडलें नाहीं. तरीही २०२५ च्या विजयाचा पाया त्यांनींच राखला. पैशानें संघ उभा करतां येतो. आठवण मात्र उभी करतां येत नाहीं, ती राखावी लागते.

विजयानेंही अडचणी मिटत नाहींत, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. विजेता या नात्यानें युनियनला युरोपांतील सर्वश्रेष्ठ संघांच्या स्पर्धेंत प्रवेश मिळाला आणि सप्टेंबर २०२५ मधील पहिलाच सामना त्यानें हॉलंडच्या आइंडहोव्हन येथें ३-१ असा जिंकला. परंतु डुडेन उद्यानांतील सुमारें नऊ हजार प्रेक्षकांचें जुनें क्रीडांगण त्या स्पर्धेच्या नियमांत बसत नसल्यामुळें त्यास आपले घरचे सामने अँडरलेख्टच्या मैदानावर खेळावे लागले. १९३५ मध्यें जो संघ युनियनच्या विजयाच्या वर्षीं शांतपणें वर चढला होता, त्याच्याच अंगणांत नव्वद वर्षांनीं युनियन पाहुणा म्हणून उतरला. नवें मोठें मैदान बांधावें तर जुनी जागा सुटते. जुनी जागा धरावी तर उत्पन्न वाढत नाहीं. १९७३ मध्यें ज्या स्वरूपाचा पेंच शेजाऱ्यांपुढें होता तसाच एक पेंच आतां सुस्थितींत युनियनपुढें उभा आहे. संकटांत निष्ठा राखणें कठीण खरें. परंतु संपत्तींत ती राखणें त्याहून कठीण असतें, आणि १० या अंकाची खरी परीक्षा कदाचित् आतांच सुरू झाली आहे.